धारवाडला उतरताना

मी भाविक आहे का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. आमच्या गल्लीत माझी तशी ख्याती आहे, पण ती मुख्यतः मी जागची हलत नाही म्हणून आहे. दिवसभर उंबऱ्याशी शिवणाच्या मशीनवर बसलेली बाई, तिच्या डोक्यामागं यल्लम्माचा फोटो आणि फोटोपुढं उदबत्ती, एवढं दिसलं की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, बाई चोवीस तास देवीच्या पायाशी असते. खरं सांगायचं तर फोटो तिथं आहे, कारण भिंतीत खिळा तिथंच होता. आणि उदबत्ती असते ती गटारीमुळं.

मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. चालणं म्हणजे काय हे मला आठवतच नाही, त्यामुळे त्याचं फार दुःखही होत नाही. पायानं चालवायचं मशीन माझ्या कामाचं नव्हतं, म्हणून हातानं फिरवायच्या मशीनवर शिवण शिकले. अर्ध्या मंगळवार पेठेचे ब्लाउज माझ्या हाताखालून गेले आहेत आणि कुणाचं वजन कधी वाढलं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. स्वतःच्या वाढलेल्या वजनाचा विषय निघाला की मात्र मी मशीन जोरात फिरवते.

दरवर्षी मार्गशीर्षात आमची गल्ली यल्लम्माच्या डोंगराला जाते. सौंदत्तीला म्हणायचं नाही, नुसतं डोंगराला म्हणायचं. एसटी ठरवून, भाजीभाकरीच्या बुट्ट्या बांधून, "उदं गं आई उदं" करत गल्ली निघाली की साऱ्या घरांच्या किल्ल्या माझ्या मांडीवर येऊन पडायच्या. त्या गर्दीत, त्या चढावर मला उचलून न्यायचं म्हणजे दोघांनी मिळून चेंगरायचं, असा सासूबाईंचा निकाल होता, आणि तो चुकीचा नव्हता. शेजारणी समजूत घालायच्या, "आक्का, तुमाला कशाला जायला पायजे डोंगराला? आई हितंच येती की तुमच्याकडं." बोलणारीचं मन चांगलं असायचं. पण रिकाम्या गल्लीत एकटी बसले की मनात यायचं, येत असेल तर चहाला तरी थांबावं. कदाचित मी तिला नकोच असेन. जिला पाय दिले नाहीत, तिनं आपल्या डोंगरावर येऊ नये, असंच तिच्या मनात असेल. हा संशय मी कुणाला बोलून दाखवला नाही. भाविक म्हणून नाव झालेल्या माणसाची अशी पंचाईत असते.

आता मालकांबद्दल सांगते. मालक म्हणजे माझे यजमान. बाकी त्यांच्या मालकीचं म्हणावं असं फारसं काही नाही. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत ते कामाला होते. आमचं लग्न ठरत असताना सासूबाईंनी त्यांना विचारलं, "पोरगी चालत न्हाय म्हणत्यात?" तर हे म्हणाले, "चालत न्हाय, पर मला चालती." एवढं एकच वाक्य त्यांनी आयुष्यात विचार करून बोललेलं आहे. लग्नानंतर रिक्षात, एसटीत, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या जिन्यावर, जिथं माझी चाकाची खुर्ची अडेल तिथं त्यांनी मला उचलून नेलं. कुणी मदतीला पुढं आलं की आम्ही दोघं एका सुरात म्हणायचो, "नको, आमचं आम्ही बघतो." त्यात त्यांचा रुबाब होता आणि माझाही. परक्यांचे हात अंगाला लागायला नकोत, कुणाची कीव नको आणि कुणाचे उपकार नकोत, हे माझं आयुष्यभराचं व्रत होतं. देवीचे उपवास मोडले असतील, हे व्रत मी मोडलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका सकाळी मला पलंगावरून खुर्चीत ठेवताना ते मध्येच थांबले. मला नीट ठेवलं, मग भिंतीला धरून हळूहळू खाली बसले आणि त्यांना उठता येईना. कण्यातली गादी सरकून शीर दबली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं ओझी उचलल्यानं असं होतं. ओझी म्हणजे कुठली, फाउंड्रीतली की घरातली, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ऑपरेशनला त्यांना आत नेलं तेव्हा बाहेरच्या पॅसेजमध्ये मी खुर्चीत बसून होते. डोक्यामागं फोटो नव्हता, उदबत्ती नव्हती, आणि तिथं पहिल्यांदा मी देवीशी खरं बोलले असं मला वाटतं. म्हटलं, आई, ह्या माणसाला पायावर उभं कर. मी स्वतः डोंगरावर येऊन पाच परड्या भरीन. परडी म्हणजे जोगतिणीच्या हातातली वेताची उथळ टोपली. डोंगरावर जाऊन पाच परड्यांत नैवेद्य वाढायचा आणि तो ज्याचा त्यानं आपल्या हातानं वाढायचा, दुसऱ्याकरवी धाडून चालत नाही, असं आमच्यात मानतात.

मालक उभे राहिले. चालायला लागले. घरी जाताना डॉक्टरांनी त्यांच्या कमरेला पट्टा बांधला आणि म्हणाले, "आता सगळं करा, फक्त वजन उचलायचं नाही. परत तिथंच दुखावलं तर पाय जातील, मग मी काही करू शकणार नाही." हे सांगताना ते मालकांकडं बघत होते, पण मला सारखं वाटत होतं की ते माझ्याकडं बघतायत. देवीनं माझं ऐकलं होतं, पण ऐकताना मला तिच्यापर्यंत न्यायचं साधनच काढून घेतलं होतं. ही बाई व्यवहाराला माझ्यापेक्षा पक्की निघाली.

मग ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, "आक्का, रेल्वेला तुमच्यासारख्यांसाठी वेगळा डबा असतो, ठाऊक न्हाय व्हय? तिरुपतीकडं जाणाऱ्या गाडीनं थेट धारवाडला उतरायचं. तितनं डोंगर जवळ हाय." इतकी वर्षं कोल्हापुरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. मी सगळ्यांच्या ब्लाउजची मापं ठेवली, स्वतःच्या सोयीची चौकशी कधी केली नाही. यात्रेच्या गर्दीत नको म्हणून पौर्णिमेच्या आठवडाभर आधी जायचं ठरवलं. मेथीची भाजी, वांगं, दहीभात, बाजरीच्या भाकऱ्या, गाजरं, कांद्याची पात, आणि आंबिलीचा मोठा तांब्या तोंडाला फडकं बांधून, असा सगळा नैवेद्य घेऊन आम्ही दोघं स्टेशनवर आलो.

आमचा डबा अगदी टोकाला होता. स्टेशनवरच्या एका कर्मचाऱ्यानं घडीचा उतार आणून दाराला लावला, मागून खुर्ची ढकलली, आणि मी खुर्चीवरून न उठता, कुणाच्या खांद्यावर न लटकता रेल्वेत शिरले. माणसं ज्या थाटात विमानात शिरत असतील त्या थाटात मी शिरले. दार ऐसपैस, खुर्ची फिरवायला जागा, धरायला दांड्या. तो कर्मचारी उताराची घडी करत म्हणाला, "धारवाडला उतरवायला माणूस लागंल न्हवं? हितनं कळवून ठेवतो."

आणि आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, "नको नको, आमचं आम्ही बघतो."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मालकांच्या कमरेच्या पट्ट्याकडं बघितलं, आणि गेला. गाडी सुटली.

काय बोललो हे आम्हाला तेव्हा कळलंच नाही. जिभेला सवय असते, ती कंबर कुणाची मोडली हे बघत नाही. शिवाय मी माझ्या आनंदात होते. त्या डब्यातल्या संडासात माझी खुर्ची जात होती. वाचणाऱ्याला यात आनंद कसला असं वाटेल. पण प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून ज्यानं पाणी तोडलं नाही, कोरड्या घशानं नातेवाइकांच्या लग्नाला जाऊन कोरड्या घशानं परत आला नाही, त्याला त्या रुंद दाराची किंमत कळायची नाही. मी एकदा उगीचच जाऊन आले. मग चहावाला आला तेव्हा चहा घेतला आणि तो संपल्यावर आणखी एक घेतला. मालक म्हणाले, "बास की." मी म्हटलं, "आता कशाला बास?" खिडकीतून उसाची शेतं मागं जात होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा प्रवास लांबावा असं वाटत होतं.

हातकणंगल्याच्या आसपास मालक पिशवी वर ठेवायला उठले. हात वर गेला, अर्ध्यात थांबला आणि खाली पट्ट्यावर आला. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"आता गं?" ते म्हणाले.

"तुम्ही बोलला नको म्हणून."

"तू बी बोललीस की."

"मी तुमच्या मागनं बोलले."

"व्हय, अर्ध्या अक्षरानं मागनं."

मग त्यांनी रेल्वेच्या मदतीच्या नंबरला फोन लावायला घेतला. फोनवर आधी हिंदी आली, मग इंग्रजी, मग गाणं. गाणं चांगलं होतं, पण ते संपायच्या आत रेंज गेली. त्या डब्यातून पुढच्या डब्यात जायला वाट नव्हती, त्यामुळे कुणाला जाऊन सांगायचीही सोय नव्हती. मालक म्हणाले, "बघू धारवाडला." त्या 'बघू'चा अर्थ मला लग्नापासून ठाऊक आहे. हा माणूस मला उचलणार होता. एकदाच, एवढ्या एका वेळेला, काय होतंय, असं म्हणून उचलणार होता. माझा दुसरा चहा पोटात गार झाला.

मिरजेला डब्यात पाच जोगतिणी चढल्या. गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळभर भंडारा, काखेत परड्या. पुढं होती ती उंच, रुंद खांद्यांची, आवाजानं गाडी थांबवेल अशी. तिच्या डोक्यावर जग होता. जग म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली, साडीचोळी नेसवून मोरपिसांनी सजवलेली टोपली. ती डोक्यावर घेऊन जोगतिणी गावोगाव फिरतात. मला देवीला हात जोडायला हवे होते. पण मला नुकताच आयुष्यातला पहिला हक्काचा डबा मिळालेला, त्यामुळे हात जोडायच्या आधी तोंड उघडलं.

"बायांनो, हा डबा आमचा हाय. अपंगांचा."

"आमच्यात बी हाय की," उंच बाई म्हणाली. तिचं नाव शांतव्वा, हे पुढं कळलं, रायबागकडची होती. तिनं एका म्हातारीला पुढं केलं. "ही आमची आव्वा. डोळ्यानं काय सुदिक दिसत न्हाय."

"मग तिच्यासंगं एक माणूस चालतंय. तुम्ही चौघी हाय."

"मग तिघींना काय खिडकीतनं टाकू?"

"मी टाका म्हणाले न्हाय. नियम सांगितला."

"सांगितलास न्हवं? आता सरक जरा, आव्वाला बसू दे. आनि उगं डोळं वटारू नको, आक्का, मोरपीस घाबरतंय."

आंधळी आव्वा बसली आणि चाचपत तिनं माझ्या खुर्चीच्या चाकाला हात लावला. "हे काय गं?" मी म्हटलं, "माझी चाकाची खुर्ची." ती म्हणाली, "बरं हाय. माझ्यासंगं ह्या चौघी लागत्यात. तुझं चार चाकात भागतंय." यावर सगळ्या हसल्या आणि मीही हसले. नियम माझ्या बाजूनं होता आणि अजूनही आहे, पण हसल्यानंतर भांडण पुढं नेता येत नाही, हा आमच्याकडचा दुसरा नियम आहे.

शांतव्वानं डोक्यावरचा जग उतरवला तो थेट मांडीवर घेतला. वाटेत जग भुईला टेकवायचा नाही, बाकावरही नाही. पाटावर ठेवायचा, नाहीतर माणसाच्या मांडीवर, असा त्यांचा नेम होता. पाट सोबत नव्हता. त्यामुळे त्या आळीपाळीनं मांडीवर घेऊन बसत होत्या. एकीची मांडी बधिर झाली की दुसरीची. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष धारवाडकडं होतं. बेळगाव गेलं, जंगल लागलं, आणि मी मनातल्या मनात देवीशी हुज्जत घालत होते. तुझ्याच दारी येतेय, तुझाच नवस आहे, आणि जो माणूस तू मला परत दिलास तो मी तुझ्याच वाटेवर मोडून ठेवायचा का? या बायांना विचारावं असं एकदोनदा ओठांवर आलं. पण ज्यांना मघाशी डब्यातून उतरवायला निघाले होते, त्यांनाच कसं म्हणू मला उतरवा म्हणून? आणि खरं सांगते, भांडण झालं नसतं तरी मला म्हणता आलं नसतं. देवीपुढं पदर पसरताना मला कधी लाज वाटली नाही, कारण देवी काखेत हात घालून उचलत नाही. माणूस उचलतो, त्याला आपलं वजन कळतं, आपल्या घामाचा वास येतो, आणि मग तो दयेनं बघतो. ते मला सोसत नव्हतं.

धारवाड आलं. दुपार कलली होती. गाडी इथं फार वेळ थांबत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असल्यानं डब्यात एकदम उठाउठ झाली. गाडी उभी राहिली. मालकांनी खुर्ची दारापर्यंत आणली. फलाट खाली, डबा वर, आणि मधे ती पायरी. त्यांनी पिशव्या खाली टाकल्या, स्वतः उतरले, वळले आणि नेहमीसारखे दोन्ही हात माझ्याकडं पसरले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्यांनी दात आधीच आवळले होते.

"हात लावायचा न्हाय," मी म्हटलं.

"अगं गाडी सुटंल."

"सुटू दे. मी तिरुपतीला जाईन. तुम्ही हात लावायचा न्हाय."

"येडी हायस काय? ये म्हणतो न्हवं."

ते पुढं सरकले आणि त्यांनी माझ्या गुडघ्याखाली हात घातला. मी दाराची दांडी घट्ट धरली. त्या वेळी माझ्यात काय झालं ते मी कितीही वेळा सांगितलं तरी नीट सांगता येत नाही. मंत्र आठवला नाही, देवीचं नाव आठवलं नाही. एवढंच कळलं की माझी लाज आणि या माणसाचे पाय यांतलं एकच काहीतरी आता वाचणार आहे. मी मान वळवली आणि मागं उभ्या असलेल्या त्या बायांना म्हटलं, "बायांनो, मला उतरवता का गं? ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय."

एवढंच म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला तो ओळखीचा वाटला नाही.

शांतव्वानं एक क्षणही घेतला नाही. "आगं मग मगाच बोलायचं न्हाय व्हय? पावणं, बाजूला व्हा," ती मालकांना म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की तिच्या हातात जग आहे. खुर्ची उचलायला चौघी लागणार, आव्वाला दिसत नाही, भुईला टेकवायचा नाही. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि तो जग माझ्या मांडीवर ठेवला. "धर आईला. दोन्ही हातानं धर. तुझ्या मांडीची आज गरज हाय."

माझ्या मांडीची गरज. ज्या मांडीला जन्मात कधी कुणी काही विचारलं नव्हतं, तिची. मी दोन्ही हातांनी जग छातीशी धरला. भंडाऱ्याचा वास नाकात गेला, मोरपिसं गालाला लागली. जग चांगला जड होता. चौघींनी खुर्चीच्या चार बाजू धरल्या, एकीनं "उदं गं आई" म्हटलं आणि बाकीच्यांनी "उदं" म्हणून मला उचललं. मी खाली बघितलं नाही, मालकांकडं बघितलं नाही. समोर मुखवटा होता आणि त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते. बसून राहणाऱ्या माणसाला दुनिया नेहमी कमरेच्या उंचीवरून दिसते. देवळातसुद्धा देव वर आणि मधे लोकांच्या पाठी. त्या दिवशी देवी आणि मी एका उंचीवर होतो, आणि दोघींनाही माणसांनी उचललेलं होतं. तीही स्वतःच्या पायांनी कुठं जात नाही, हे मी तशी अधांतरी असताना माझ्या ध्यानात आलं. डोंगरावरून गावात, गावातून डोंगरावर, ती आयुष्यभर दुसऱ्याच्या डोक्यावर जाते आणि तिला त्याची लाज वाटत नाही.

चाकं फलाटाला टेकली. मालकांनी आव्वाचा हात धरून तिला उतरवलं. गाडी हलली आणि तिरुपतीकडं निघून गेली. फलाटावर मी जग मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. शांतव्वा दम खात म्हणाली, "रडू नको बाई. एवढी बी जड न्हाईस." मग जरा विचार करून म्हणाली, "हायस थोडी." तिच्या डोळ्यांत दया नव्हती. घाम होता आणि हसू होतं. ज्या नजरेला मी जन्मभर घाबरले, ती तिथं नव्हतीच.

पुढं डोंगरापर्यंत एकच जीप केली आणि सगळे त्यातच कोंबून बसलो. वाटभर जग माझ्याच मांडीवर होता. शांतव्वानं एकदा मागितला, मी म्हटलं, "असू दे की, माझी मांडी कुठं उठून चाललीया?" हा विनोद मी स्वतःच्या पायांवर पहिल्यांदाच केला, आणि कुणी गप्प झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झालं. जिथं पायऱ्या लागल्या तिथं मी कुणी विचारायची वाट बघितली नाही. समोर दिसतील त्या गड्यांना म्हटलं, "पावणं, जरा हात लावता का?" आणि त्यांनी लावला. कुणी मध्येच हातातला नारळ काखेत मारून, कुणी फोन कानाला धरून. माणसं मदत करायला इतकी तयार असतात, आणि आपण त्यांना इतकी वर्षं ताटकळत ठेवलं, याचं मला नवल वाटलं. मग बाहेर येऊन परड्या भरल्या. पाच जोगतिणी शोधायला जावं लागलं नाही. चौघी आणि आव्वा रांगेत बसल्या, आणि मी खुर्ची पुढं नेत प्रत्येकीच्या परडीत भाकरी, मेथी, वांगं, दहीभात वाढत गेले. मालक आंबिलीचा तांब्या घेऊन माझ्या शेजारून चालत होते. आव्वानं माझा हात चाचपला, बोटांना सुईनं पडलेले घट्टे तिला लागले. "कामाचा हात हाय," ती म्हणाली आणि परडीतला भंडारा तिनं माझ्या कपाळाला लावला. थोडा डोळ्यात गेला, पण दिसत नसलेल्या माणसाकडून तेवढं चालायचंच.

दुपारी झाडाखाली बसलो होतो. मालक गप्प होते. ते गप्प असले की भूक लागलेली असते, म्हणून मी भाकरी काढली. त्यांनी घेतली नाही.

"काय झालं?"

"काय न्हाय." मग कमरेचा पट्टा सारखा करत म्हणाले, "काल त्या बायांनी तुला उचललं आनि मी नुसता उभा ऱ्हायलो."

"मग? डॉक्टरांनी तेच सांगितलंय."

"न्हवं. मनात आलं, आता माझा उपेग काय तुला?"

मी ज्याला पायावर उभं कर म्हणून देवीला साकडं घातलं, तो माणूस उभा राहून वर्षभर हे मनात घेऊन फिरत होता, आणि मला पत्ता नव्हता. मी माझ्या लाजेत, तो त्याच्या. आम्ही दोघं एका सुरात सगळ्यांना नको म्हणत आलो, आणि आपापल्या जागी दोघंही एकटे पडत गेलो. मी त्यांना म्हटलं, "हे बघा, मला उचलायला धारवाडपासनं तिरुपतीपर्यंत माणसं मिळतील. भांडायला दुसरं कोण मिळणार हाय? तेवढ्यासाठी उभं करून घेतलंय तुमाला." ते हसले. पट्ट्यामुळं त्यांना जपून हसावं लागतं. मग त्यांनी भाकरी घेतली आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मी म्हटलं, नैवेद्याची आहे, चाखून करायची नसते. असं आमचं सगळं पूर्ववत सुरू झालं.

माझ्या बाबतीत चमत्कार झाला, असं मला म्हणायचं नाही. त्या बायांना तिथंच उतरायचं होतं, त्या यात्रेआधी दरवर्षी जातात, आणि माझ्या जागी कुणीही असतं तरी शांतव्वानं उचललंच असतं, असं तीच मला म्हणाली. मी एवढंच म्हणेन की मी देवीकडं मालकांचे पाय मागितले होते आणि तिनं वर आणखी एक दिलं. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून फोटोपुढं बसणं, असं मला वाटायचं. ते मला फारच सोपं होतं, कारण बसण्याचा मला सराव आहे. खरं शरण जाणं म्हणजे आपलं सगळं वजन, घामासकट, लाजेसकट, दुसऱ्याच्या हातांवर सोडणं आणि त्या हातांवर विश्वास ठेवणं. उचलणारे हात आणि उचलू देणारं मन, दोन्ही तिच्याच देणग्या. पहिली तिनं मला लग्नातच दिली होती. दुसरीसाठी मला धारवाडपर्यंत जावं लागलं.